बापूसाहेबांच्या नावाखालची रेघ

सत्यभामाबाई पहिल्यांदा रागिणीकडे आल्या तेव्हा कवठसरकर देशमुखांची वंशावळ जवळजवळ पुरी होत आली होती.

रागिणी गावंडे अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची, पण तिचा जीव होता तो वऱ्हाडातल्या जुन्या वतनदार घराण्यांत. कोण कोणाचा मुलगा, कोणती शाखा कोणत्या गावी गेली, सनद कोणाच्या नावाची, पदवी कोणाला मिळाली, हे जुळवता जुळवता तिची चाळिशी उलटली होती. बाळापूरजवळच्या कवठसरचे देशमुख हे त्यातलं मोठं घराणं. निजामाच्या काळापासूनची परगण्याची देशमुखी, आणि इंग्रजी अमलात यशवंतरावांना मिळालेली रावबहादूर ही पदवी. आता गावात त्यांचं कोणी उरलं नव्हतं. अमरावती, अकोला, नागपूर, पुणे असे सगळे पांगले होते. त्यांनी एक कुलमंडळ काढलं, हिवाळ्यात अमरावतीला संमेलन ठरवलं आणि संमेलनात प्रकाशित करायच्या वंशावळीचं काम रागिणीला दिलं. यावेळी मुलींचीही नावं घ्यायची, असं मंडळाने मोठ्या मनाने ठरवलं होतं.

रावबहादूर यशवंतरावांना दोन मुलगे. थोरले बापूसाहेब, धाकटे नारायणराव. नारायणरावांचे एकुलते एक रामराव, तेच आता कुलमंडळाचे अध्यक्ष. बापूसाहेबांच्या नावाखाली रेघ नव्हती. घरातल्या जुन्या वंशावळीत त्यांच्यापुढे 'निपुत्रिक' एवढाच शब्द होता आणि रागिणीने तो तसाच उतरवून घेतला होता.

"थे खोटं हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी हाय ना."

पंचाहत्तरी ओलांडलेली बाई अकोल्याहून एसटीने एकटी आली होती. इस्तरीची सुती साडी, ताठ पाठ. नगरपालिकेच्या शाळेत त्या मास्तरीण होत्या. कुलमंडळाचं आवाहन पेपरात वाचून त्यांनी रागिणीचा पत्ता शोधून काढला होता.

त्यांची आई वच्छला लहानपणीच लग्न होऊन लवकरच विधवा झालेली. रिद्धपूरला महानुभावांच्या एका मठात मावशीजवळ राहायची. बापूसाहेबांची बायको वारल्यावर ते मन रमेना म्हणून रिद्धपूरला जायला लागले, तिथे त्यांनी वच्छलेला पाहिलं आणि तिच्याशी पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. कुणब्यांत तो चालायचा, देशमुखांत नाही. बापूसाहेबांनी तिला कवठसरला आणलं, पण घरच्यांनी तिला कधी सून म्हटलं नाही. सत्यभामा सात वर्षांची असताना बापूसाहेब गेले. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मायलेकींना बैलगाडीत बसवून अकोल्याला रवाना करण्यात आलं.

"मायनं जिनिंगमधी मजुरी केली," सत्यभामाबाई सांगत होत्या. "शाळेत माहं नाव घालाले गेली तं मास्तरनं बापाचं नाव इचारलं. माय म्हने, बापूराव यशवंतराव देशमुख, राहणार कवठसर. मास्तर हासला. तिच्या साडीले कापसाची रुई चिकटली होती ना. मायनं पुन्हा सांगतलं, अजून मोठ्यानं."

"तुम्हाला काय पाहिजे, मावशी?" रागिणीने विचारलं.

"वावर नोको, घर नोको. थे आता कोनाजवळच नाई राहिलं. माह्या मायचं नाव त्याहीच्या बाजूले लिवा. खाली माहं. बस."

असे दावे घेऊन येणारी माणसं रागिणीला नवी नव्हती. बहुतेकांना ती चहा पाजून वाटेला लावायची. पण रामरावांच्या बैठकीत रावबहादुरांचा एक जुना फोटो होता आणि त्यातलं रुंद कपाळ, वर चढलेली एक भुवई तिने शंभर वेळा पाहिली होती. तीच भुवई आता तिच्यासमोर खुर्चीवर बसली होती.

ती आधी रिद्धपूरला गेली. वच्छलेला ओळखणारं तिथं कोणी हयात नव्हतं. मग तिला बाळापूरच्या अब्दुल गफ्फारांचं नाव कळलं. त्यांचे वडील बापूसाहेबांची दमणी, ती बसायची हलकी बैलगाडी, हाकायचे. गफ्फारचाचांचं वय पंचाऐंशी तरी असेल. दारातल्या खाटेवर ऊन खात बसले होते. सत्यभामेचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"हाव, होती ना. सत्तो म्हनत तिले. बापूसाहेब उसको खांदे पे बिठाके किल्ले पे लेके जाते थे. मान अन् म्हैस, दोन्ही नद्यांले पूर आला का चला पूर पाहाले. अब्बा म्हनत, साहेब, बच्ची गिर जाएगी. ते म्हनत, माही पोरगी हाय, नाई पडनार."

"माझी पोरगी, असं म्हणायचे?"

"म्हनत ना. मी या कानानं आयकलं."

"पण चाचा, ती कवठसरलाच जन्मली, की आईसोबत आली होती?"

गफ्फारचाचा बराच वेळ आठवत राहिले. "ये नहीं मालूम, बाई. झूठ कायको बोलू? मी गाडीवर जाऊ लागलो तवा ती चालत होती."

दिवाळीनंतर रामरावांच्या घरी मंडळाची बैठक झाली. रामराव त्र्याहत्तर वर्षांचे, अमरावतीत वकिली करून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पण बोलले की बाकीचे गप्प बसायचे. रागिणीने सगळं मांडलं. एक जण म्हणाला, पाटाची बाई म्हणजे लग्नाची नव्हे. दुसरा म्हणाला, विधवाच होती ना, मग पोरगी पहिल्या नवऱ्याची कशावरून नाही? गफ्फारचाचांचा शब्द सांगितला तर कोणीतरी हसलं.

तेव्हा रामरावांचा मुलगा विपुल बोलला. तो पुण्याला कंपनीत होता, सुट्टीवर आला होता. मोकळ्या स्वभावाचा मुलगा.

"एवढं भांडता कशाला? मी मागच्या वर्षी हौस म्हणून डीएनए टेस्ट केली होती, लाळेची. ह्या आजी जर बापूआजोबांच्या मुलगी असतील तर बाबांच्या सख्ख्या चुलतबहीण झाल्या. मग माझ्याशी काही ना काही जुळलंच पाहिजे. त्यांची टेस्ट करून घेऊ. जुळलं तर नाव घाला, नाही तर राहू द्या."

सगळ्यांना हे पटलं. रामराव तेवढे म्हणाले, "कायले पायजेत ह्या भानगडी? कागदाचं काम कागदानं होऊ द्या."

"कागद नाहीत म्हणून तर, बाबा."

रामराव पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बैठक त्यांच्याविनाच संपली. त्यांना ही थुंकीची गोष्ट किळसवाणी वाटली असेल असं रागिणीच्या मनात आलं, त्यापलीकडे काही नाही.

टेस्टची डबी घेऊन ती अकोल्याला गेली. सत्यभामाबाई डाबकी रोडवर मुलगा सहदेव याच्याजवळ राहत. त्याचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तो नाराज होता. आईला तो बाईच म्हणायचा.

"बाई, आता ह्या वयात कायले हे? तुले कोनं काय कमी केलं?"

"तू गप बस," आई म्हणाली. "माय जिंदगीभर सांगत राहिली तं कोनी आयकलं नाई. आता थुंकीचं आयकतीन." आणि पोरीसारखी हसत तिने नळीत थुंकी टाकली.

मधल्या दिवसांत त्यांचे फोन येत राहिले. नाव 'वच्छला' छापायचं की 'वच्छलाबाई'? फोटो छापणार असतील तर आईचा एक आहे, थोडा पुसट आहे, चालेल का? शेजारणींना त्यांनी सांगून टाकलं होतं. संमेलनाला कोणती साडी नेसायची तेही ठरलं होतं. रागिणी दरवेळी म्हणायची, "मावशी, आधी निकाल येऊ द्या." त्या म्हणायच्या, "येते ना. कुठं जाते?"

निकाल आला. सत्यभामाबाई आणि विपुल यांच्यात काहीही जुळत नव्हतं. थोडंसुद्धा नाही. रागिणीने कंपनीला लिहून विचारलं, नमुना खराब तर नव्हता ना? उत्तर आलं, नमुना उत्तम होता. विपुलचाही फोन आला. "सॉरी मॅडम. आजींना फार वाईट वाटेल. तुम्ही नीट सांगा."

फोनवर सांगणं तिला बरं वाटेना. ती अकोल्याला गेली. सत्यभामाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हंजे मी त्याहीची नाई."

"विपुलशी जुळलं नाही, मावशी. एवढंच."

"एवढंच म्हंजे थेच ना वं."

अशा निकालाचे आणखीही अर्थ निघू शकतात हे रागिणीला माहीत होतं. न जुळण्याचं कारण दुसऱ्या बाजूलाही असू शकतं. पण ते उच्चारायचं म्हणजे कोणत्या तरी दुसऱ्या बाईवर बोट ठेवायचं, तेही पुराव्याशिवाय. ती एवढंच पुटपुटली की विज्ञानात सगळंच पक्कं नसतं. सत्यभामाबाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"जिनिंगमधून आल्यावर तिचे हात सुजेत," त्या म्हणाल्या. "एकदा मी म्हनलं, माय, मजुराच्या पोरीसारखं राहू ना आपन, देशमुख देशमुख काय लावलं? तवा तिनं मले मारलं होतं. लाकडानं. जिंदगीत एकदाच मारलं. खोट्यासाठी मारलं?"

सहदेवने तिला बस स्टँडवर सोडलं.

दोन-तीन दिवसांनी ती निकालाची प्रत द्यायला रामरावांकडे गेली. ते जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. दाढी वाढली होती. त्यांनी कागद हातात घेतला आणि न वाचताच टेबलावर पालथा ठेवला.

"ठेवा मंग होतं तसंच. निपुत्रिक."

त्या आवाजात असं काही होतं की रागिणी उठता उठता थांबली. तिच्या मनात इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडावर आलं.

"काकाजी, एक विचारू? एकदा तुम्ही स्वतः टेस्ट द्याल का? म्हणजे माझ्या मनातली शंका..."

रामराव उठले, आतलं दार लावून आले.

"मले द्याची गरज नाई, ताई. मले माहीत हाय काय निघंन."

ते खिडकीजवळ उभे राहून बोलले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"माही माय. पार्वताबाई. तिचे दोन लेकरं गेले होते. तिसऱ्या खेपेले माहेरी अकोटले गेली. थेबी पोटातच गेलं. तं तिच्या मायनं कुठून तरी मले आनलं. नुकताच जन्मलेलो होतो म्हने. बाबाले शेवटपर्यंत माहीत पडलं नाई. माय दवाखान्यात होती, जायच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्यांले बाहेर पाठवलं अन् मले सांगतलं."

"तुम्ही मूळचे कोणाचे, ते?"

"इचारलं ना मी. तिनं नुसती मान हालवली. तिलेबी माहीत नसंन."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"म्हणजे ह्या टेस्टने सत्यभामाबाईंचं काहीच खोटं ठरत नाही," रागिणी म्हणाली. "तुमच्या घरी यशवंतरावांचं रक्त नाहीच. मग जुळणार कसं? कदाचित त्या एकट्याच..."

"कदाचित."

"काकाजी, ती बाई तिकडे आपल्या मेलेल्या आईला खोटारडी म्हणून राहिली. तुमचा एक शब्द मिळाला तरी पुष्कळ आहे. मंडळाला नका सांगू. विपुललाही नका सांगू. फक्त त्यांना सांगा."

"अन् माह्या मायले काय म्हनतीन?" रामराव वळले. त्यांचे डोळे भरले होते. "मी कोर्टात उभा राह्यलो का जज म्हनत, देशमुखसाहेब. लोक उठून जागा देत. सारी जिंदगी मी कवठसरचा म्हनून जगलो, ताई. आता कोनाचा म्हनून मरू?"

"त्या कोणाच्या म्हणून मरतील?"

ते खुर्चीत बसले. खूप म्हातारे दिसले.

"तुमी कोनाले सांगतलं तं मी नाई म्हनीन," ते हळू आवाजात म्हणाले. धमकी नव्हती ती, विनवणी होती. "अन् लोक माह्यावर इसवास ठेवतीन. तुमाले माहीत हाय."

तिला माहीत होतं. ती निघाली. न सांगण्याचं वचन तिने दिलं नाही, पण सांगेन असंही म्हणाली नाही. पुढचे काही दिवस ती कॉलेजात जायची, शिकवायची, घरी यायची. रोज ठरवायची, उद्या अकोल्याला जाऊ. एका माणसाने दार लावून सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची, हे तिच्याने होईना. आणि न न्यावी तर अकोल्यातली बाई डोळ्यांसमोरून हलेना.

शेवटी सहदेवचा फोन आला. "मॅडम, बाई जेवत नाई. आजीचा फोटो काढून टाकला तिनं. तुमी एकदा येऊन बोलता का?"

ती गेली. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन उरला होता. सत्यभामाबाई पलंगावर बसल्या होत्या. पाठ आता ताठ नव्हती. रागिणीने सहदेवला दुकानात जायला सांगितलं, त्यांच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं. अकोट, पार्वताबाई, दवाखाना, रामराव. काहीही राखून ठेवलं नाही.

सत्यभामाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तुले कोनं सांगतलं?"

"रामरावांनी. स्वतःच्या तोंडाने."

"लिवून दिलं?"

"नाही."

"माह्यासमोर सांगतीन?"

रागिणीने नकारार्थी मान हलवली. सत्यभामाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली.

"पोरी, तू मनाची चांगली हायेस. पन मी मास्तरीन होती. पोरगं नापास झालं अन् लई रडाले लागलं का मीबी सांगो, तुहा पेपर हरपला बाप्पा, तू नापास नाई झाला."

"मावशी, मी खोटं बोलत नाही हो."

"मायबी असंच म्हने."

रागिणीने फोन काढला. विचार करायला थांबली असती तर कदाचित केला नसता. रामरावांनी उचलला. तिने आवाज मोठा करून फोन दोघींच्या मध्ये ठेवला.

"काकाजी, मी सत्यभामाबाईंजवळ बसली आहे. त्या ऐकून राहिल्या. मला त्या दिवशी जे सांगितलं ते फक्त एकदा सांगा. नुसतं हो म्हणा."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो इतका वेळ ऐकू येत राहिला की रागिणीला वाटलं, आता बोलतील.

"कोनती गोष्ट, ताई?" रामराव म्हणाले. "मले काई आठवत नाई." आणि फोन बंद झाला.

सत्यभामाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "राहू दे," म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याले कायले तरास देते? चहा घेऊन जाय." त्या स्वतः उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा टाकला. रागिणीने तो चहा घेतला आणि निघाली.

अमरावतीला परतल्यावर तिने मंडळाला कळवलं की माझं नाव पुस्तकावर घालू नका, आणि निदान तो 'निपुत्रिक' शब्द काढा, तिथे काहीच लिहू नका. चिटणिसांनी कळवलं, पुस्तक छापायला गेलं आहे. ते खरंच होतं. संमेलनाला ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. रामरावांना फेटा बांधलेला, हातात पुस्तक, मान खाली. विपुलने एक प्रत घरपोच पाठवली, आत सुंदर अक्षरात आभार लिहिले होते. संपादक म्हणून तिचं नाव होतं. तिने ते पान उघडलं. बापूसाहेबांचं नाव, पुढे तो शब्द, आणि खाली कोरी जागा. शेजारी नारायणरावांच्या नावाखाली ठळक रेघ, तिच्या टोकाला रामराव, त्यांच्या खाली विपुल. पान अगदी नीट छापलं होतं.

त्या वर्षी आलेली आणखी दोन घराण्यांची कामं तिने परत केली. कारण विचारलं तर वेळ नाही म्हणाली. अकोल्याला फोन करायची, पण सत्यभामाबाई फोनवर यायच्या नाहीत. सहदेव सांगायचा, बरी आहे, झोपली आहे. एकदा, अक्षय तृतीया होऊन गेल्यावर, तो म्हणाला, "आखाजीले बाई दरवर्षी आजी-आजोबाच्या नावानं पान्याच्या घागरी भरे. यावर्षी नाई भरल्या. कोनाच्या नावानं भरू, म्हने."

मे महिन्यात अकोल्याचं ऊन माणसाला उभं राहू देत नव्हतं, त्याच दिवसांत सत्यभामाबाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. रागिणीला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आठवड्याने सहदेवचा फोन आला. मागे गलबला ऐकू येत होता.

"मॅडम, मी महानगरपालिकेत हावो. मृत्यूच्या दाखल्याले बाईच्या वडलाचं नाव मागून राहिले."

"बापूराव यशवंतराव देशमुख," रागिणी एका दमात म्हणाली. "कवठसर. लिहा तुम्ही. ते खरं आहे, सहदेवभाऊ. मी तुमच्या आईला सांगितलं होतं, ते सगळं खरं होतं."

"बाईनं सांगून ठेवलं होतं, वडलाच्या जागी काई लिवू नोको म्हनून. तरी मले वाटलं, तुमाले एकदा इचारावं."

"मग लिहा ना."

"तुमी सांगतलेलं बाईनं मले सांगतलं होतं. थे रामराव कोनासमोर बोलतीन का?"

"नाही."

"मंग कसं लिवू, मॅडम? इथं पुरावा मागतात."

"आईचं नाव लिहिलं का?"

"लिवलं. वच्छला. आडनाव नाई लिवलं, कोनतं लिवावं थे समजलं नाई." मागून कोणीतरी त्याला पुढे सरकायला सांगत होतं. "ठेवतो मॅडम. माह्यामागं लोक उभे हायेत."